पदव्युत्तर प्रबंधांना पारितोषिक कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रादेशिक अभ्यासातील, म्हणजे जगातील एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास आणि समाज यांच्या एकत्रित अभ्यासातील, उत्कृष्ट पदव्युत्तर प्रबंधांना पारितोषिके दिली जावीत, अशी बाजू मी गेल्या लेखात मांडली होती. तिच्यावर आपण घेतलेले आक्षेप दोन ओळींत निकालात काढण्यासारखे नाहीत, म्हणून स्वतंत्रपणे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : पदव्युत्तर प्रबंध हा विद्यार्थ्याचा सराव असतो आणि त्यात नवे संशोधन अपेक्षितच नसते, प्रादेशिक अभ्यास ही एक ज्ञानशाखा नसल्यामुळे मध्य आशियातील कालव्यांवरचा प्रबंध आणि कॅरिबियन कवितेवरचा प्रबंध एकाच मापाने मोजता येत नाहीत, ज्यांच्या विद्यापीठाकडे प्रवासाला पैसा असतो तेच विद्यार्थी जिंकतात, म्हणून हा निधी भाषाशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवावा.

सरावाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. युरोपातील २९ देशांनी १९९९ साली बोलोन्या येथे उच्च शिक्षणाची समान चौकट मान्य केली. त्या चौकटीत पुढे रूढ झालेल्या हिशेबानुसार एका वर्षाचे ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. पदव्युत्तर प्रबंधाला अनेक ठिकाणी ३० श्रेयांक मिळतात, म्हणजे कागदावर त्याचे मोल ७५० ते ९०० तास इतके ठरते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीला अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियन भाषेत कामापुरते प्रभुत्व मिळवायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, तर रशियन किंवा हिंदीसाठी सुमारे ११००. ज्या विद्यार्थ्याने अरबी वर्तमानपत्रे किंवा चिनी गावांचे दप्तर वाचून प्रबंध लिहिला आहे, त्याच्या प्रबंधामागे श्रेयांकांत कोठेच न दिसणारी ही मेहनत उभी असते. अर्थशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी वेगळी असते, तिला मी कमी लेखत नाही. पण तिची नोंद निदान त्याच्या गुणपत्रिकेत झालेली असते. प्रादेशिक अभ्यासात पदव्युत्तर प्रबंध हा बहुतेक वेळा त्या मेहनतीचा पहिला दृश्य पुरावा असतो, आणि अनेकांच्या बाबतीत शेवटचाही, कारण यातील बरेच विद्यार्थी पुढे डॉक्टरेटकडे न जाता पत्रकारितेत, परराष्ट्र सेवेत, भाषांतरात किंवा मदतसंस्थांत जातात. डॉक्टरेटच्या प्रबंधांसाठी पारितोषिके आहेतच असे आपण लिहिले आहे. ती या मंडळींपर्यंत कधीच पोहोचत नाहीत.

विद्यार्थ्याच्या लेखनात नवे काही नसते, हे विधानही मला इतक्या सरसकट स्वरूपात मान्य नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधनपत्रिकेत छापला गेला, आणि आज शंभरहून अधिक वर्षांनीही जातीचा अभ्यास करणाऱ्याला तो वाचावा लागतो. हे उदाहरण अपवादात्मक आहे हे उघड आहे, आणि प्रत्येक प्रबंधाकडून तशी अपेक्षा कोणीच करत नाही. माझा रोख दुसरीकडे आहे. त्या निबंधाला चर्चासत्रातील श्रोते मिळाले, पाठोपाठ मुद्रण मिळाले आणि त्यामुळे वाचक मिळाले. पदव्युत्तर प्रबंधाला एरवी काय मिळते? मार्गदर्शक तो वाचतात, एक बाह्य परीक्षक वाचतात, गुण दिले जातात आणि प्रबंध ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संगणकीय भांडारात जमा होतो. प्रादेशिक अभ्यासात हे वाचनदेखील पुष्कळदा अर्धेच असते, कारण मार्गदर्शकांना त्या प्रदेशाचा इतिहास ठाऊक असला तरी विद्यार्थ्याने वापरलेली भाषा येत असेलच असे नाही, आणि परीक्षक आपल्या ज्ञानशाखेत निष्णात असले तरी त्या प्रदेशाशी त्यांचा संबंध आलेला नसतो. साधने नीट वाचली आहेत की नाहीत, हे तपासणारा माणूस या व्यवस्थेत नसण्याचीच शक्यता अधिक. पारितोषिकाची निवड समिती हा तिसरा वाचक पुरवते, आणि पारितोषिकांची बाजू घेण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

तुलनेचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यात आपण मांडलेली वस्तुस्थिती मला मान्य आहे. लंडनचे स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज १९१६ साली स्थापन झाले, ते साम्राज्याच्या कारभारासाठी भाषा जाणणारी माणसे हवी होती म्हणून. सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक सोडला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेने संमत केलेल्या संरक्षण-शिक्षणविषयक कायद्यातून परकीय भाषा व प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी निधी मिळू लागला. एका पद्धतीभोवती किंवा एका सिद्धांताभोवती जमलेली ही ज्ञानशाखा नव्हे. राज्यसंस्थांच्या गरजांतून तिचे नकाशे आखले गेले आहेत. परंतु यावरून तिच्यातील प्रबंधांची तुलनाच होऊ शकत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. कालवे आणि कविता यांची तुलना कोणी करत नसते. प्रश्न आणि साधने यांचा मेळ बसला आहे का, ज्यांच्याविषयी लिहिले त्या लोकांच्या भाषेतील साधनांनी प्रतिपादनात खरोखर काही काम केले आहे की ती तळटीपांत शोभेपुरती आहेत, स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा लेखकाने पुढे मांडला आहे का, आणि दुसऱ्या प्रदेशाच्या अभ्यासकाला आपला स्वतःचा प्रश्न नव्याने विचारावासा वाटेल असे त्यात काही आहे का, या गोष्टी मात्र दोन्ही प्रबंधांना सारख्याच विचारता येतात. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांचे आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर काम केलेला हा अभ्यासक धनगरांच्या ओव्या, खंडोबा आणि बिरोबा यांच्याकडे वळला, आणि लिखित शास्त्र व मौखिक परंपरा यांच्या नात्याविषयी त्यांनी उभे केलेले प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडले. त्यांचे काम कोणत्या विषयाच्या कप्प्यात बसते, हे ठरवत बसल्याने त्याची गुणवत्ता ठरली नसती.

उलट मला खरी अडचण कप्प्यांचीच वाटते. पूर्व आशियासाठी एक, आफ्रिकेसाठी एक, लॅटिन अमेरिकेसाठी एक अशी पारितोषिके वाटली की निवड समितीचे काम सोपे होते, पण सीमेवरचे विषय निसटतात. डच इतिहासकार विलेम व्हान शेंडेल यांनी २००२ साली हेच दाखवून दिले : दक्षिण, आग्नेय, पूर्व आणि मध्य आशिया या चार कप्प्यांच्या कडांवर पसरलेला डोंगराळ प्रदेश प्रत्येक कप्प्याच्या दृष्टीने परिघावरचा ठरला आणि त्यामुळे कोणत्याच केंद्राचा झाला नाही. त्याला त्यांनी झोमिया असे नाव दिले. मिझोराम आणि म्यानमारचे चिन राज्य यांच्यातील नातेसंबंधांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध कोणत्या कप्प्यात पाठवावा? सर्व प्रदेशांचे प्रबंध एकत्र वाचणारी समिती असावी, तिचे काम अवघड झाले तरी चालेल, असे माझे मत त्यामुळेच आहे.

पैशाच्या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, आणि तो आपण मांडला त्याहून खोल आहे असे मला वाटते. क्षेत्रकार्याचा, म्हणजे प्रत्यक्ष त्या प्रदेशात जाऊन केलेल्या कामाचा, कालावधी हाच गुण मानला गेला, तर पारितोषिक प्रवासभत्त्याच्या मागे जाणार हे निश्चित. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवास थांबला तेव्हा अनेक विद्यार्थ्यांना जुनी वर्तमानपत्रे, न्यायालयांचे निकाल, ध्वनिमुद्रणे आणि दूरध्वनीवरच्या मुलाखती यांच्या आधारे काम उभे करावे लागले. परदेशी जाऊन राहणे हा चांगल्या प्रबंधाचा एकमेव मार्ग नाही, हे तेव्हा सर्वांनाच मान्य करावे लागले. याहून सूक्ष्म अन्याय वेगळाच आहे. बाहेरून आलेला विद्यार्थी त्या प्रदेशाची भाषा शिकला की ती त्याची कमाई मानली जाते. त्याच प्रदेशात वाढलेल्या विद्यार्थ्याला ती भाषा येते याची मात्र कोणी दखलही घेत नाही, उलट तो आपल्याच लोकांविषयी लिहितो म्हणून त्याच्या तटस्थतेबद्दल शंका घेतली जाते. वर मी भाषेच्या तासांचा हिशेब मांडला, तो प्रबंधामागची मेहनत दिसावी म्हणून. पारितोषिक त्या तासांना द्यावे असे मी म्हणणार नाही. भाषा कशी मिळाली याला महत्त्व नसावे; तिच्यामुळे काय दिसले, जे तिच्याविना दिसले नसते, त्याला असावे. या कसोटीवर दोन्ही विद्यार्थी समान पातळीवर येतात.

धोक्याचा उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नव्हता, तरी तो इथे करणे मला आवश्यक वाटते. इजिप्तमधील स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करणारा केंब्रिजचा संशोधक विद्यार्थी जुलिओ रेजेनी जानेवारी २०१६ मध्ये कैरोत बेपत्ता झाला आणि फेब्रुवारीत त्याचा मृतदेह सापडला. त्याचा छळ करण्यात आला होता. तो डॉक्टरेटचा विद्यार्थी होता, पण पदव्युत्तर विद्यार्थी वयाने आणि अनुभवाने अधिकच अपुरे असतात. ज्या पारितोषिकाच्या निकषांत 'दुर्गम' किंवा 'संवेदनशील' क्षेत्रातील कामाला झुकते माप मिळते, ते विद्यार्थ्यांना नको तिथे ढकलते. शिवाय मुलाखत देणारी माणसे मागेच राहतात. विजेत्या प्रबंधाला प्रसिद्धी मिळाली की त्यांची ओळख उघड होण्याचा संभव वाढतो, म्हणून प्रबंध लगेच प्रकाशित न करण्याची मुभा विजेत्याला असलीच पाहिजे.

मोठ्या मार्गदर्शकांच्या नावाचा प्रभाव पडतो, या आपल्या मुद्द्यावर फारसे लिहिण्याची गरज नाही. नावे झाकून वाचन करावे, त्याच विद्यापीठातील सदस्याने त्या प्रबंधावर मत देऊ नये आणि प्रत्येक विभागाकडून एकच शिफारस स्वीकारावी. एवढ्याने प्रभाव पुरता जात नसला तरी बराच कमी होतो.

राहिला शिष्यवृत्त्यांचा प्रस्ताव. पारितोषिक आणि शिष्यवृत्ती यांत एकाचीच निवड करायची वेळ आली, तर मी शिष्यवृत्तीच्या बाजूने मत देईन, कारण भाषा शिकायलाच न मिळालेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध स्पर्धेपर्यंत येणारच नाही. मात्र एका पारितोषिकाच्या रकमेत कोणाचे वर्षभराचे भाषाशिक्षण क्वचितच होते, हेही ध्यानात घ्यावे. आणि निधी शिष्यवृत्तीकडे वळवला, तरी बंद व्हावी ती रक्कम. निवड समितीचे वाचन बंद होऊ नये. अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येक प्रबंधावर, तो जिंको वा न जिंको, ती भाषा आणि तो प्रदेश जाणणाऱ्या एका वाचकाने दोन पानी लेखी अभिप्राय द्यावा, आणि तो विद्यार्थ्याच्या हाती पडावा. एकही पैसा न देता इतकेच काम करणारी समिती उद्या उभी राहिली, तरी मी तिला पारितोषिकच म्हणेन आणि तिच्याकडे प्रबंध पाठवा असे विद्यार्थ्यांना सांगेन.