ओप्पियन कायदा: काटकसर बायकांनीच का करायची?

प्राचीन रोमच्या साधेपणाचे गोडवे कुणी गायला लागलं की मला ओप्पियन कायदा आठवतो आणि राग येतो. हो, २२०० वर्षांपूर्वीच्या कायद्याचा राग.

इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याची अक्षरशः कत्तल केली. खजिन्यात खडखडाट. पुढच्याच वर्षी गायस ओप्पियस या ट्रिब्यूनने (सामान्य जनतेने निवडलेला अधिकारी) कायदा आणला: कुठल्याही बाईकडे अर्ध्या औंसाहून जास्त सोनं नको (रोमन औंस धरला तर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तोळ्याच्या जरा वर), अंगावर रंगीत वस्त्रं नकोत आणि धार्मिक कार्य सोडून शहरात किंवा मैलभराच्या आत घोडागाडीत बसायचं नाही.

युद्ध चालू असताना हे मी समजू शकते. पुढे सिनेटरांनीही घरचं सोनंचांदी खजिन्यात आणून दिलं. पण इ.स.पू. २०२ मध्ये झामाला हॅनिबल हरला, तह झाला, रोममध्ये पैसा खेळू लागला. पुरुषांच्या टोग्यांना (अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्रांना) जांभळे काठ होतेच. बायकांवरची बंदी मात्र तशीच!

इ.स.पू. १९५ मध्ये कायदा रद्द करायचा प्रस्ताव आला, तेव्हा बायका रस्त्यावर उतरल्या. फोरमकडे, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकाकडे, जाणाऱ्या वाटा त्यांनी अडवल्या, आजूबाजूच्या गावांतूनही बायका आल्या. कॉन्सुल, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता मार्कस पोर्सियस केटो. तो भर सभेत म्हणाला, यांना बरोबरीचा हक्क द्या, त्या लगेच तुमच्या डोक्यावर बसतील. (ही भाषणं इतिहासकार लिव्हीने जवळपास दोन शतकांनी लिहिली, तेव्हा शब्द त्याचे आहेत.) मला यातलं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे काटकसरीचा मुद्दा संपतो आणि खरी भीती बोलून जाते.

ट्रिब्यून लुसियस व्हॅलेरियसने उत्तर दिलं, की बायकांना ना पदं, ना पुरोहितपणा, ना विजयाच्या मिरवणुका. दागिने हीच त्यांची मानचिन्हं. शिवाय लॅटिन मित्रराष्ट्रांच्या बायका नटूनथटून रोममध्ये गाडीतून फिरणार आणि रोमच्या बायका पायी चालणार? हा बाजू घेणारा, तरी बायकांना पदं द्या असं त्याच्याही मनात आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

नकाराधिकार वापरू पाहणाऱ्या ब्रूटस घराण्यातल्या दोन ट्रिब्यूनांच्या दाराशी बायका ठाण मांडून बसल्या. त्या दोघांनी माघार घेतली आणि कायदा गेला.

केटो काही थांबला नाही. इ.स.पू. १८४ मध्ये सेन्सॉर (मालमत्तेची नोंद आणि लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवणारा अधिकारी) झाल्यावर त्याने १५,००० आसांहून (आस हे रोमन नाणं) महाग दागिने, बायकांचे कपडे आणि गाड्या यांची किंमत दसपट धरून कर लावला. पण या वेळी महागडे तरुण गुलामही त्याच हिशोबात धरले. पुरुषांच्या हौसेलाही झळ बसली, म्हणून हा कर मला ओप्पियसच्या कायद्यापेक्षा कितीतरी न्याय्य वाटतो.