सरसेनापतिपद परत आलेले नाही

लेखात संरक्षण दलप्रमुखपदाला (तिन्ही दलांसाठी मिळून असलेल्या ‘सीडीएस’ पदाला) ‘जुन्या सरसेनापतिपदाचे पुनरुज्जीवन’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. ब्रिटिश अमदानीतला सरसेनापती व्हाइसरॉयच्या मंडळात बसत असे आणि सैन्याला थेट हुकूम देत असे. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पांनी ब्रिटिश अधिकाऱ्याकडून ते पद घेतले, तरी १९५५ साली संसदेने कायदा करून हे पदनामच रद्द केले आणि तिन्ही दलांना प्रत्येकी एक ‘प्रमुख’ उरला. सर्वोच्च सेनापतित्व तर घटनेनेच राष्ट्रपतींकडे ठेवले होते. एकाच माणसाच्या हाती सारी फौज नको, हा विचार त्यामागे होता असे मला वाटते.

आम्हा गोव्यातल्या वास्कोकरांना त्याचे उलट उदाहरण घरचेच आहे. पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा मुलकी कारभारी होता आणि सेनाप्रमुखही तोच. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ च्या रात्री इथेच मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात त्याने शरणागती दिली, तेव्हा दोन्ही सत्ता एकदमच संपल्या. (आमच्याकडे जुनी माणसे ते दिवे अजून सांगतात.)

कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने शिफारस केलेले आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी स्वीकारलेले संरक्षण दलप्रमुखपद मुख्यतः सल्ल्याचे व समन्वयाचे आहे. तिन्ही दलप्रमुखांवर त्याचा लष्करी हुकूम चालत नाही. लेखकाने हा फरक नोंदवायला हवा होता.