वेळसंकेतांतील डॉप्लर विचलन : सगळा दोष क्रिस्टलचा नाही

मराठवाड्यातील हौशी रेडिओप्रेमींच्या समूहांत सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यात म्हटले आहे की, प्रक्षेपण केंद्र जागचे हलत नाही आणि लातूरच्या गच्चीवर ताणलेली तारही हलत नाही, तेव्हा लघुलहरींवरील वेळसंकेतांत (अचूक वेळ कळवणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांत) डॉप्लर विचलन, म्हणजे हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक, असूच शकत नाही. स्वस्त एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ ग्राहकावर) दिसते ती निव्वळ त्यातील वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलची घसरण, आणि संगणकाला एक हर्ट्झचा फरक कळतच नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे.

पहिला मुद्दा मुळातच चुकीचा आहे. दोन्ही टोके स्थिर असली तरी लहरीच्या मार्गाची लांबी बदलत राहिली की वारंवारता सरकतेच. चीनमधील पुचेंग येथील बीपीएम या वेळसंकेत केंद्राची 10 मेगाहर्ट्झवरील लहर लातूरपर्यंतचे सुमारे 3,700 किलोमीटर अंतर आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) परावर्तित होत कापते. सूर्योदयाच्या सुमारास आयनीभवन वाढून परावर्तनाची पातळी खाली येते, मार्ग आखूडतो आणि वारंवारता किंचित चढते. सूर्यास्ताला याच्या उलट घडते. 10 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 30 मीटर असल्यामुळे मार्ग सेकंदाला 30 मीटरने आखूडला, तर वाढ 1 हर्ट्झ होते.

क्रिस्टलबद्दलची शंका रास्त आहे. दशलक्षात एका भागाची चूक 10 मेगाहर्ट्झवर 10 हर्ट्झ होते, म्हणजे मोजायच्या गोष्टीहून चूकच मोठी. मात्र मॉस्कोचे आरडब्ल्यूएम हे वेळसंकेत केंद्र 9.996 मेगाहर्ट्झवर, अवघ्या 4 किलोहर्ट्झ अंतरावर असते आणि दर अर्ध्या तासाच्या आरंभी काही मिनिटे सलग वाहक लहर (टिकटिक वा आवाज नसलेली नुसती मूळ लहर) सोडते. दोन्ही केंद्रे ऐकू येत असताना एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतली, तर क्रिस्टलच्या घसरणीने पडद्यावरच्या दोघांच्या वारंवारतेच्या रेषा सारख्याच सरकतात व वजाबाकीत ती घसरण जवळजवळ नाहीशी होते. उरतो तो दोन मार्गांतील फरक. पुचेंगच्या मार्गावर सूर्य आधी मावळतो आणि मॉस्कोच्या मार्गावर बऱ्याच उशिरा, म्हणून रेषाही वेगवेगळ्या वेळी वाकतात. डोंगलमधील क्रिस्टलला हे दोन सूर्यास्त कसे कळावेत, याचे उत्तर मजकुरात नाही.

संगणकाविषयीचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही : दहा सेकंदांच्या नमुन्यावरून सुमारे 0.1 हर्ट्झचे पृथक्करण मिळते, म्हणजे इतका बारीक फरक ओळखता येतो. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांचा गोंगाट ही आपल्याकडची खरी डोकेदुखी आहे (लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर केलेले रेकॉर्डिंग सहसा अधिक स्वच्छ निघते), तरी त्या गोंगाटाने रेषा अंधुक होते, वाकत नाही.

एकाच केंद्राचे निरपेक्ष विचलन सांगायचे असेल, तर मात्र जीपीएसशी बांधलेला संदर्भ दोलक (अचूक वारंवारता देणारे उपकरण) जोडावाच लागतो. आणि 10 मेगाहर्ट्झवर अमेरिकेची केंद्रेही असल्याने, रेषा नेमकी कोणाची, हे केंद्राच्या ओळख-घोषणेवरून आधी तपासावे लागते.