जुनी बंदूक, नवे छर्रे

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वापरायला १९९१पासून देशभर बंदी आहे. इलिनॉयमधल्या माझ्या शेजाऱ्यांकडे त्याहून कितीतरी जुनी, त्यांच्या आजोबांची पार्कर कंपनीची दुनळी आहे. तीच घेऊन ते आजही दलदलीत बदकांच्या शिकारीला जातात, आणि कायदा पाळून जातात. हे कसं जमतं ते त्यांच्या तळघरात काडतुसं भरायला बसू लागलो तेव्हा कळलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या एका वादाकडे मी निराळ्या नजरेनं पाहतो. तो वाद गणपतीच्या मूर्तीचा आहे: शाडू की प्लास्टर ऑफ पॅरिस.

आधी शिशाबद्दल. बदकाला दात नसतात. दाणे दळायला ते तळातले बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत साठवतं. चिखलात पडलेला छर्राही त्याला खडाच वाटतो. पिशवी तो झिजवते, शिसं रक्तात उतरतं, पक्षी अशक्त होतो, त्याला उडवत नाही, आणि कुठेतरी गवतात शिरून तो मरतो. म्हणून हे मरण वर्षानुवर्षं फारसं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. इलिनॉयमध्येच काम करणारे पाणपक्ष्यांचे अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली अंदाज मांडला की पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी असे जातात. असली बदकं खाऊन बाल्ड ईगल हे गरुडही मरू लागले, तेव्हा सरकार हललं. १९८७पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९१मध्ये ती पूर्ण झाली. पुढे १९९७च्या हंगामाचा अभ्यास झाला, त्यात त्या एका हंगामात सुमारे १४ लाख बदकं विषबाधेतून वाचली असा हिशेब निघाला. बंदी योग्य होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण बंदीबरोबर हाताशी आले ते पोलादी छर्रे. स्वस्त, बिनविषारी, आणि कडक. शेजाऱ्यांच्या बंदुकीची नळी डमास्कस आहे, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेली. खिडकीशी धरली की तिच्यावरची वळणावळणाची नक्षी दिसते. तोंडाशी नळी किंचित आवळत जाते, त्याला चोक म्हणतात. शिसं मऊ असतं, तिथून जाताना दबतं. पोलाद दबत नाही, मग सगळा ताण नळीवर येतो. आतून ओरखडे उठतात, नाहीतर चोकपाशी बाहेरून कडं फुगतं. त्यात चेंबरही, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, आखूड. जुन्या कित्येक बंदुकांचं चेंबर अडीच इंचांच्या आसपास असतं, आजचं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंचांचं. ते आत बसतं, म्हणूनच धोका. बार उडताना काडतुसाच्या तोंडाची घडी पुरती उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो.

कायद्याच्या कागदावर पर्याय होता, या बंदुकांसाठी नव्हता. शेजारी सांगतात, त्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच दुनळ्या कपाटात गेल्या आणि काही जण गुपचूप शिसंच भरत राहिले. ही स्थिती बदलली बिस्मथ या धातूमुळे. बिस्मथ आणि कथिलाच्या छर्ऱ्यांना १९९७मध्ये कायमची मान्यता मिळाली: ९७ भाग बिस्मथ, ३ भाग कथिल. नुसतं बिस्मथ ठिसूळ, त्याचे दाणे बारातच फुटतात. कथिलानं ते थोडं आवरतं. इथे औषधांच्या दुकानात पोटदुखीवर जे गुलाबी औषध मिळतं, ते याच धातूचं संयुग. शिशाची घनता ११.३, या मिश्रणाची ९.६च्या आसपास, पोलादाची ७.८. म्हणजे मार शिशाच्या बराच जवळ, आणि जुन्या नळीला सोसेल इतका मऊपणा. किंमत मात्र शिशाच्या कितीतरी पट.

म्हणून घरी भरणं. बचत होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दाब कमी ठेवता येतो. जाणत्या कारागिरानं नळीच्या भिंतीची जाडी मोजून दिल्यावरच शेजाऱ्यांनी या बंदुकीला पुन्हा हात लावला. टरफल, ठिणगी देणारी टोपी, दारू, वॉड (दारू आणि छर्ऱ्यांमधली गादी), सगळं काडतुसं भरण्याच्या छापील तक्त्यात दिलेलंच; त्यातलं एक बदललं तरी दाब बदलतो. शिशाच्या मापात पोलाद ओतणं तर कधीच नाही. बिस्मथ हलकं असल्यानं त्याच वजनाला जास्त जागा लागते, दाणे काठापर्यंत येतात आणि वरची घडी नीट मिटत नाही. मग ते तक्त्यातली कमी भाराची कृती घेतात, दाणा एक नंबर मोठा निवडतात आणि चार पावलं जवळूनच बार टाकतात. दारू ते काट्यावर तोलतात. त्या वेळी तळघरात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

आता आपला वाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई होती. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, नैसर्गिक जलस्रोतात विसर्जन मात्र नको असं सांगितलं. मधल्या वर्षांत दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं, ते मी इथेही शब्दाला शब्द ऐकतो. तिकडे म्हणतात, ‘आमच्याच सणावर का?’ इकडे म्हणतात, ‘आज छर्रे, उद्या बंदूक, परवा शिकारच बंद.’ उलट बाजूची तुच्छताही तीच: या लोकांना निसर्गाचं काही पडलेलं नाही.

पेणच्या मूर्तिकाराला निसर्गाचं पडलेलं नाही, असं मला वाटत नाही. शाडू वाळायला वेळ घेतो, जड असतो, प्रवासात तडकतो, उंच मूर्तीला झेपत नाही. त्याला माती कुठून, किती, केव्हा मिळणार, वाळवायला शेड कुणाची, तडकलेल्या मूर्तीचं नुकसान कुणाचं? हे प्रश्न बंदीच्या आदेशाआधी सुटायला हवेत. ते न सोडवता आदेश काढला की संशय वाढतो, आणि तो संशय अडाणीपणाचा नसतो.

आपण हे एकदा नीट केलंय. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन आपली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली. २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तेव्हा मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून झालं होतं. ‘तुझ्या गाईला दुखू दे’ असं शेतकऱ्याला कुणी म्हटलं नाही. माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरायची पळवाट बंद व्हायला २०१५ उजाडलं, ही आपली दिरंगाई. पण दिशा बरोबर होती.

अमेरिकेनं मात्र इतरत्र ती सोडली. जानेवारी २०१७मध्ये राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांवर शिसं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आदेश मावळत्या सरकारच्या अखेरच्या पूर्ण दिवशी निघाला आणि मार्चमध्ये नव्या मंत्र्यांनी तो रद्द केला. जाता जाता काढलेल्या आदेशाचं असंच होतं. कॅलिफोर्नियानं कॉन्डोर गिधाडांसाठी २०१३मध्ये कायदा केला आणि पूर्ण अंमलासाठी २०१९च्या जुलैपर्यंत मुदत दिली. तो टिकला.

पर्याय आल्यावरही जुनंच धरून बसणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. ‘आजोबा शिसंच वापरायचे’ हे बिस्मथ मिळू लागल्यावर कारण राहत नाही. आजोबांची बंदूक तीच आहे, तिचा तोल तोच, खांद्याला बसणारा धक्का तोच. घरी सहा इंचांची मूर्ती बसवणाऱ्याला तर शाडूची अडचण फारशी नसतेच. त्यानं मंडळांच्या वीस फुटी मूर्तीची सबब पुढे करू नये.

शेतातल्या फेझंट या कोंबडीवर्गीय पक्ष्याच्या शिकारीला इथे बहुतेक ठिकाणी अजून शिसं चालतं. शेजारी तिथेही बिस्मथच नेतात. कायदा सांगत नाही, तरी. माझ्या मते तिथेही बंदी यावी, आणि तारीख पाच वर्षं आधी जाहीर व्हावी, म्हणजे छर्रे करणाऱ्यांना कारखाना वाढवायला आणि तक्ते छापणाऱ्यांना जुन्या दुनळ्यांसाठी दाब तपासायला वेळ मिळेल.