दातओठ खाऊन ‘व्ही’

धडा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी खिशातून फोन काढला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, “टीचर, से ‘व्हेरी वेल’.”

मी म्हणाले. फोनमधल्या उच्चार तपासणाऱ्या अ‍ॅपने जरा विचार केला आणि शंभरपैकी आकडा दाखवला. ७१.

मग आजोबांनी फोन स्वतःकडे वळवला, घसा खाकरला आणि तेच दोन शब्द म्हणाले. ८४.

वर्ग हसला असता तर परवडलं असतं. वर्गाने ते वहीत लिहून घेतलं.

परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्याचा अपमान व्हायला जागा पुष्कळ असतात, पण ही नवीन होती. त्यात आजोबांवर रागावायचीही सोय नाही. उभी हयात मोजमापं घेण्यात गेलेले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या लेखी आकडा म्हणजे आकडा, त्यात टीचरचा मानबिन बसत नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्क्रीन जवळून पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा स्क्रीन.

“वन मोअर टाइम,” ते म्हणाले. “स्लोली.”

मी स्लोली म्हणाले. ६८.

“टू स्लो.” त्यांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला, माझी हनुवटी ते फोन हे अंतर वितीने मोजलं, बाटली दोन बोटं मागे सरकवली. “नाऊ, नॅचरल.”

समोर बावीस माणसं पेनाची टोपणं काढून बसलेली, नाकापुढे फोन, आणि म्हणे नॅचरल. ७०.

तेव्हा मात्र त्यांना माझी दया आली. “डोन्ट वरी, टीचर. एव्हरी डे टेन मिनिट्स. विथ मिरर.” हा सल्ला गेल्या आठवड्यात मीच त्यांना दिला होता. मिररसकट.

मशीनने सगळंच खोटं सांगितलं नव्हतं, हे जास्त झोंबलं. आपल्या मराठी तोंडात ‘व’ एकच. खालचा ओठ वरच्या दातांच्या दिशेने निघतो, पण दारापर्यंत जाऊन कडी न वाजवता परत येतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळी कामं आहेत. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर प्रत्यक्ष टेकवायचे आणि फटीतून हवा रेटायची. ओठाला गुदगुल्या झाल्या आणि गळ्यावर ठेवलेल्या बोटांना थरथर लागली, तर जमलं. हा आवाज पाच सेकंद लांबवता येतो. आपला ‘व’ लांबवायला गेलं तर भुंग्यासारखं काही ऐकू येत नाही, नुसता स्वरासारखा सूर निघतो. ‘डब्ल्यू’त दातांचं काही काम नाही. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हणायचं आणि तिथून झटक्यात पुढच्या स्वरावर उडी मारायची: ऊ-ए, ऊए, वे. थोडक्यात, एकात दातओठ खायचे आणि दुसऱ्यात शिट्टीची तयारी करायची. अपमान ताजा असेल तर पहिला जास्त चांगला जमतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

गंमत म्हणजे हा फरक आपल्या लेखणीला कळतो. ‘व्हॅन’ला आपण ‘व्ह’ लिहितो आणि ‘वॉच’ला ‘व’. म्हणजे मराठी माणूस लिहिताना लंडनला असतो आणि बोलताना कुंपणावर. अर्थात लेखणीही कुठे धड आहे? ‘व्हील’, ‘व्हाइट’, ‘व्हिस्की’ यांनाही आपण ‘व्ह’ देऊन बसलोय. स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’शेजारी ‘एच’ दिसला, म्हणून दिला. त्यामुळे माझ्या तोंडून ‘व्हील’ म्हणजे चाकही निघतं आणि ‘व्हील’ म्हणजे वासराचं मांसही. वर्गात सराव घ्यायचा तर जोड्या घ्याव्यात: ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’, ‘व्हेट’ आणि ‘वेट’. आधी नुसतं ऐकवायचं, ऐकलेला शब्द पहिला असेल तर डावा हात आणि दुसरा असेल तर उजवा हात वर करायला लावायचं, आणि कानाला फरक पटल्यावरच तोंडाला काम द्यायचं. ऐकू न येणारा फरक बोलायला लावला की माणूस घाबरून दोन्हीकडे तिसराच आवाज काढतो. ‘वेव्ह’ शब्द शेवटी ठेवावा. त्यात सुरुवातीला चंबू आणि अखेरीला दात, एका श्वासात दोन्ही कामं.

‘प’ची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. दोन बोटं रुंदीची पातळ कागदाची पट्टी ओठांपुढे चार बोटांवर धरा आणि इंग्रजी ‘पिन’ म्हणा. कागद फडफडला पाहिजे. मराठी ‘पिन’ला तो ढिम्म हलत नाही, आणि ऐकणारा ‘बिन’ समजून कचऱ्याचा डबा शोधतो. शब्दाच्या आरंभी, जोर पडणाऱ्या अक्षरात ‘पी’, ‘टी’, ‘के’ आले की त्यांच्यामागून हवेचा झोत सुटतो, आधी ‘एस’ असला तर सुटत नाही. ‘पिन’ला कागद उडतो, ‘स्पिन’ला झोपतो. हा झोत आपल्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती. ख, ठ, थ ही अख्खी फौज बाराखडीत उभी आहे. ‘फ’ही होता, पण तो हल्ली निम्म्या महाराष्ट्राने इंग्रजी ‘एफ’ला देऊन टाकलाय. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

शब्दातला जोर हा आणखी वेगळा विषय. ‘हॉटेल’, ‘पोलीस’, ‘कमिटी’, ‘डेव्हलप’ या चारही शब्दांत इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. आपण पहिल्यावर धाडकन आपटतो किंवा सगळ्यांना समान वाटप करतो. वर्गात यावर रबरबँड चालतो. दोन्ही अंगठ्यांत अडकवायचा आणि जोराच्या अक्षराला ताणायचा. ‘फोटोग्राफ’ला पहिल्यावर, ‘फोटोग्राफर’ला दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’ला तिसऱ्यावर. रबरबँड रुंद घ्यावा. बारीक असला तर तुटून पुढच्या बाकावर जातो आणि मग तो बाक आठवडाभर बोलत नाही.

हे सगळं मला माहीत आहे, कारण मला ते शिकावं लागलं. सेल्टा नावाचं इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे, त्यात किमान १२० तासांचा अभ्यास आणि ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवणं असतं. मागे प्रशिक्षक आणि सहाध्यायी वह्या घेऊन बसतात. “समजलं का?” असं विचारलंत की तिथेच तुमचं नाव लाल शाईत. कारण त्या प्रश्नाला जगातला प्रत्येक वर्ग मान डोलावतो. ‘ही हॅज गॉन’ आणि ‘ही हॅज बीन’ शिकवायचं असेल तर फळ्यावर रेघ ओढून विचारायचं, तो आत्ता इथे आहे का? तो गेला होता का? आला का? मराठी माणसाला हे एका वाक्यात कळतं: पहिला ‘गेलाय’, दुसरा ‘जाऊन आलाय’. शेजारच्या वर्गावरच्या, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या तरुण सहकाऱ्याला परवा हाच फरक विचारला गेला. तो म्हणाला, “दुसरं कानाला बरं वाटतं.” वर्ग खूश. तेही वहीत उतरलं.

आणि पगाराच्या पायरीवर तो माझ्या वर आहे. यात विनोद करायचा प्रयत्न मी बरेच दिवस करतेय, जमत नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे इंग्रजी शिकवायच्या ई-२ व्हिसाला साधारणपणे सातच देशांचे पासपोर्ट चालतात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इतर ठिकाणी नियम नसला तरी जाहिरातीत ‘नेटिव्ह’ हा शब्द असतोच. आता पासपोर्टला ना दात ना ओठ, तो ‘व्ही’ कसा म्हणत असेल हे त्या खिडकीपलीकडच्यांनाच ठाऊक. अर्ज भरताना ‘मातृभाषा’ या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिते, आणि त्यापुढची माझी पात्रता बहुधा कुणी वाचत नाही.

असो. आजोबा वाट बघत होते.

दातांची जागा मी त्यांना पुन्हा दाखवली, त्यांनी फोनच्या काळ्या काचेत बघून केली. ८९. त्यांचा आनंद खरा होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने फोन मागून घेतला, सेटिंग उघडलं, आणि उच्चारांची लांबलचक यादी निघाली. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, आणि बरीच खाली, भारतीय. म्हणजे एवढा वेळ मशीन मोजत होतं ते मी कुणासारखी बोलते हे. समोरच्याला समजतं का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. मुलीने ‘भारतीय’वर बोट दाबलं.

“टीचर, अगेन.”

मी म्हणाले, ‘व्हेरी वेल’. दात टेकले की नाही, देव जाणे. ९६.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी फोन ओढून घेतला, घसा खाकरला, दात नीट टेकवले, शब्द म्हणाले. ५२.

ते आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. चष्मा वर, चष्मा खाली. मग त्यांनी यादी पुन्हा उघडली, बोट वर-वर सरकवत ‘अमेरिकन’वर आणून ठेवलं आणि फोन खिशात टाकला.

“दिस सेटिंग,” ते मला समजावत म्हणाले, “इज ब्रोकन.”