‘हॉलिडे इन’मधलं गाळलेलं गाणं आणि ‘फुले’

डिसेंबर आला की इथे अमेरिकेत टीव्हीवर ‘हॉलिडे इन’ हमखास लागतो. १९४२चा, ऐन युद्धातला कृष्णधवल संगीतपट. बिंग क्रॉस्बीचा आवाज, फ्रेड अस्टेअरची पावलं, अर्व्हिंग बर्लिनची गाणी. ऑस्कर मिळवणारं ‘व्हाइट ख्रिसमस’ यातलंच. चार जुलैच्या नाचात अस्टेअर जमिनीवर फटाके आपटत ठेका धरतो, त्यावर तर माझा भारी जीव आहे.

काही वाहिन्यांवर मात्र लिंकनच्या जयंतीचं गाणं सरळ गाळतात. त्यात क्रॉस्बी आणि नायिका तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांचं सोंग घेतात. बघवत नाही, खरंच. तरी ते गाळू नये असं माझं ठाम मत आहे. कारण त्याच गाण्यात कॅमेरा स्वयंपाकघरात शिरतो. तिथे लुईझ बीव्हर्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री, चित्रपटातली स्वयंपाकीण, दोन लेकरांना जवळ घेऊन गुलामांना सोडवणाऱ्या लिंकनचं कडवं गाते. बाहेर रंगवलेल्या तोंडांना टाळ्या, आणि खरी काळी बाई आत, कामाच्या जागी! लोकशाहीसाठी लढणाऱ्या अमेरिकन सैन्यातही तेव्हा काळ्यांच्या पलटणी वेगळ्याच होत्या. हा भेद संपवण्याचा आदेश निघाला १९४८ साली. गाणं कापलं की सोंगाबरोबर बीव्हर्सचं कडवंही जातं.

२०२५ साली ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, फुले जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रदर्शन दोन आठवडे लांबलं. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द सेन्सॉर बोर्डाने काढायला लावले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सूर एकच: जुनं उकरून काय मिळणार? तुमच्या अमेरिकेतही कापतातच की, असंही मला ऐकवलं गेलं.

हा दाखला इथे लागू पडत नाही. ‘हॉलिडे इन’मधलं गाणं कापतात ते ज्यांची टर उडवली त्यांचा पुन्हा अपमान होऊ नये म्हणून. मला ते पटत नाही, पण त्यामागची कळकळ समजते. ‘फुले’मध्ये तर ज्यांनी सोसलं त्यांचीच नावं पुसली, आणि ज्या राजवटीत सोसलं तिचंही. यातून कुणाचा अपमान टळला? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या पुस्तकात त्यांनी जातींची नावं घ्यायला मागेपुढे पाहिलं नाही. त्यांच्यावरच्या चित्रपटात ती नावं ऐकू यायलाच हवी होती.