गढीवर मुक्कामाला जाताना

ट्रान्सिल्व्हानियातल्या एखाद्या काउंटच्या, म्हणजे सरदाराच्या, गढीवर राहायचा योग आलाच, तर एक पथ्य पाळा. यजमान काय बोलतो ते मन लावून ऐका. तो काय करतो तिकडे ढुंकूनही पाहू नका. तिकडे पाहिलं की झोप उडते.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला (१८९७) वकील जोनाथन हार्कर घ्या. काउंट स्वतः त्याचं सामान उचलतो, भाजलेली कोंबडी आणि जुनी टोकाय वाइन पुढे करतो, वर म्हणतो, माझं जेवण झालंय. काय ती अगत्याची माणसं!

एका सकाळी हार्कर खिडकीपाशी आरसा टांगून दाढी करत होता. खांद्यावर हात पडला, 'गुड मॉर्निंग' ऐकू आलं. आरशात मागची अख्खी खोली दिसत होती, माणूस तेवढा नाही. वस्तरा लागला. हनुवटीवर रक्त दिसताच काउंटने गळ्यावर झडप घातली. हात क्रुसाच्या माळेला लागला आणि स्वारी एकदम थंड. मग 'माणसाच्या पोकळ मिजाशीची खेळणी' म्हणत त्याने आरसा खिडकीबाहेर भिरकावला. खाली अंगणात चुरा. हार्करची तक्रार काय? आता दाढी कशात बघून करायची, घड्याळाच्या झाकणात की दाढीच्या भांड्याच्या बुडाशी? (भांडं धातूचं होतं, हे त्यातल्या त्यात बरं.) पाहुणा असावा तर असा.

पुढे मात्र त्याने पथ्य मोडलं. हळूच आपल्या खोलीत जाऊन पाहिलं, तर काउंटसाहेब खुद्द पाहुण्याचा बिछाना घालताहेत! म्हणजे गढीत नोकर नाहीत. म्हणजे परवा रात्री लांडग्यांना नुसत्या हाताच्या इशाऱ्याने परतवणारा गाडीवानही हाच. स्टोकर इथे 'क्रूर', 'कपटी' काही म्हणत नाही, चादर तेवढी अंथरतो. असल्या लेखकांपासूनही सांभाळून राहा.

होरेस वॉलपोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'तही (१७६४) तेच. लग्नाच्या दिवशीच मुलगा अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो, आणि दिवस मावळतो न मावळतो तोच बाप मॅनफ्रेड त्या नवरीला स्वतःच मागणी घालतो. बायको हयात आहे. पण घराण्याला वारस नको का? बोलणं कसं रास्त आहे बघा.

असो, हार्करकडे वळू. मे महिन्यातच काउंटने त्याला तीन पत्रं लिहायला सांगितली: काम संपत आलं, उद्या निघतोय, गढी सोडून बिस्ट्रिट्झ गावी पोचलो. त्यावर तारखा १२, १९ आणि २९ जूनच्या. कारणही दिलं, इकडचं टपाल बेभरवशाचं आहे. तुमच्यापुढे असे कागद आले तर कुरकुर न करता लिहून द्या. अक्षर तेवढं नीट काढा. घरचे ती पत्रं जपून ठेवतील.